हो म्हणजे काय?

वहिनींची आणि माझी शेवटची भेट सावंगीच्या दवाखान्यात झाली. खिडकीजवळची खाट, पायथ्याशी स्टुलावर माझा थोरला भाऊ, आणि समोर फाईल घेतलेली एक तरुण डॉक्टर. "आजी, फक्त हो की नाही एवढंच सांगा. कालच्यापेक्षा बरं वाटतंय?" वहिनींनी डोळे उघडले. "हो म्हटलं तं काय करशीन, अन् नाई म्हटलं तं काय करशीन, ते सांग आधी." पोरगी हसली, पण शहाणी होती. वाकून तिनं सगळं समजावलं : हो असेल तर सलाईन काढू, नाही असेल तर नवं इंजेक्शन सुरू करू. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग नाई." त्याच आठवड्यात त्या गेल्या. म्हातारी भारी चिकित्सक, असं त्या मुलीला वाटलं असेल. पण ही सवय जन्माची नव्हती... ती त्यांना गावानं लावली होती.

आमचं गाव तळेगावहून आष्टीकडे जाताना आत वळलं की लागतं. वहिनी तिथल्या सरपंच होत्या, थेट लोकांमधून निवडून आलेल्या. मी वर्ध्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. म्हणजे निवडणुकीबद्दल सगळं माहीत आणि एकही न लढलेला माणूस. या तालुक्यात हातपंपाचं उद्घाटनही बेचाळीसच्या लढ्याचा उल्लेख केल्याशिवाय होत नाही. वहिनींचं पहिलं भाषण मात्र दोन वाक्यांचं होतं. "नळाले पाणी येईन. नाई आलं तं माह्या घरी या." लोक खरंच घरी येत. वहिनी तूर निवडता निवडता त्यांचं ऐकत, पटलं नाही तर तिथल्या तिथे झापत, आणि झापलेल्यालाही चहा पाजत. स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. त्यांनीच ते खोडून काढलं असतं.

निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावता यावं की नाही, यावर आमचा वाद कायमचा होता. मी म्हणायचो, अशानं कुणी कडू काम हातात घेणारच नाही. त्या म्हणायच्या, "भाऊजी, भाजीत मीठ जास्त झालं तं तुम्ही ताट संपेपर्यंत वाट पाहता का?"

"पण वहिनी, मीठ जास्त झालं म्हणून कुणी स्वयंपाकीण बदलत नाही."

"तुमाले बदलता येत नाई म्हणून बोलून राह्यले तुम्ही!" असं म्हणून त्या माझ्याच ताटात आणखी भाजी वाढत.

मग कमानीचं प्रकरण आलं. गावाच्या तोंडाशी एक भव्य स्वागत कमान व्हावी, वर एका पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव असावं, असं बहुतेक सदस्यांना वाटू लागलं. वहिनींना वाटत होतं, आधी नाली व्हावी. "कमानीतून पाहुणा आत येईन, अन् पाय कुठं ठेवीन?" एवढंच त्या बोलल्या. नाली झाली, आणि सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला. सरपंच थेट निवडून आलेला असला की शेवटचा फैसला ग्रामसभेत गुप्त मतदानानं होतो. दादानं मला बोलावून घेतलं. वहिनींना मात्र कसलीच काळजी नव्हती. "विचारू दे लोकाइले. त्याईनंच बसवलं, त्याईलेच विचारलं पाह्यजे."

विचारलं ते असं : 'सरपंचांवरील अविश्वासाचा ठराव आपणांस मान्य आहे काय?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. आणि वहिनींच्या बाजूच्या बाया आठवडाभर घरोघर सांगत फिरल्या होत्या, "बाईले हो म्हणजो!"

शाळेच्या व्हरांड्यात मतदान चाललं होतं. शेजारच्या कमलाबाई मत देऊन बाहेर आल्या, त्या थेट वहिनींपाशी. चेहरा फुललेला. "बाई, तुमच्यासाठी हो वर शिक्का मारला. असा दाबून मारला!" वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तो शिक्का त्यांना काढण्याच्या बाजूनं पडला, हे त्यांना कळलं होतं. मग कमलाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं केलं, कमलाबाई."

ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. संध्याकाळी अंगणात बाया जमल्या. काय घडलं ते एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं. कमलाबाई रडत होत्या आणि रडता रडता ओरडतही होत्या, "मी मत घेणाऱ्या साहेबासमोर सांगीन माह्यं मत! साऱ्याईनं सांगावं!" मीही म्हणालो, तक्रार करू, फेरमतदान मागू, प्रश्न नीट समजला नसेल तर उत्तराला अर्थ काय? वहिनींनी हातानंच मला थांबवलं.

"साऱ्याइले विचारसान ना, तुमचं मत चुकलं का म्हणून? मंग ज्यानं मले खरंच नको म्हटलं, त्याले माह्या तोंडासमोर खोटं बोला लागन. माह्याच गावात, माह्याच अंगणात. नाई भाऊजी. राहू द्या."

तक्रार झाली नाही.

पण त्याची किंमत त्यांनीच मोजली. एकदा वाटाणे सोलताना, वर न पाहता, त्या म्हणाल्या, "मले नेमकं समजलंच नाई भाऊजी. गावानं मले काढलं, का ठेवलं होतं?" मी विचारलं, अजूनही लोकांना विचारावं असं वाटतं? "विचारलंच पाह्यजे," त्या म्हणाल्या. "फक्त हो म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाह्यजे." तेव्हापासून त्या घरात साधं उत्तर चालेनासं झालं. "चहा मांडू?" "हो." "हो म्हणजे आत्ता, का हो म्हणजे जाताना?"

तेरवीला सारं गाव आलं. ज्यांनी कमान मागितली होती तेही आले. जाताना जवळजवळ प्रत्येकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी त्याचं मत चुकून पडलं. सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तर वहिनींच्या विरोधात गावात कुणी नव्हतंच. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणालो. म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही... विचारणारी गेली होती.

परवा पुन्हा गेलो. घरात दादा एकटाच. संसारभर वहिनींनी बोलावं आणि यानं मान हलवावी, अशी वाटणी होती. मी ओट्यावर टेकलो. स्वयंपाकघरातून त्यानं विचारलं, "चहा मांडू?"

"हो."

आत भांडं वाजायचं थांबलं. मग जरा अडखळत आवाज आला, "हो म्हणजे आत्ता... का हो म्हणजे जाताना?"

मग मी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, त्या घरात द्यावं लागतं तसं.

"आत्ता पाह्यजे, दादा. अन् जाताना बी."