ओल्या गोणपाटातली पानं

परवा सावद्याला केळीच्या बागेत ओल्या गोणपाटाचा वास आला आणि धुळ्याच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी करपा पडलेली केळीची पानं तसल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने आणायची. त्यांवरची बुरशी तिने वर्षभर वाढवली, तपासली. संशोधन स्पर्धेत मात्र तिचं काम मांडायला मी शुद्ध बोलणाऱ्या दुसऱ्याच मुलाला त्याच्या नावाने उभं केलं. परीक्षकांसमोर हिच्या तोंडून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निघालं तर कॉलेजचं हसं होईल, ही भीती. पहिलं बक्षीस मिळालं. मी पेढे वाटत असताना ती स्पर्धेतल्या पोस्टरसमोर थांबली. “सर, यामा मनं नाव कोठे शे?” “आल्या शे मॅडम!” पोरं फिदीफिदी हसली. मीही हसत म्हणालो, “अगं, ‘शे’ नाही, ‘आहे’ म्हण.” तिने मान खाली घातली, मग एकेक शब्द जुळवत विचारलं, “सर, यात माझं नाव कुठे आहे?” मी पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे धरला. त्यानंतर ती प्रयोगशाळेत आली नाही, परीक्षेलाही बसली नाही. ते सगळं काम तिचं होतं, हे आज लिहून ठेवतोय. पण तिचं नाव लिहायला गेलो, तर ते मला आठवत नाही.