ममता नगराळेची यादी

घाटंजी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी अकरा वर्षं नर्स होते. बऱ्याच आशाताईंसोबत काम केलं. पण ममता नगराळेबद्दल बोलताना माझा आवाज अजूनही अभिमानानं आपोआप चढतो.

दोन हजार सतराची गोष्ट. कपाशी त्या साली माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, आणि तिच्यात शिरून फवारणी करणारे लोक आजारी पडू लागले होते. डोळ्यांची आग, मळमळ, चक्कर. कित्येकजण ऊन लागलं असं समजून घरीच पडून राहायचे. ममताकडे एक गाव आणि दोन तांडे होते. मी तिला फक्त जास्त आजारी असलेल्यांची नावं कळवायला सांगितलं होतं. तिनं मात्र घरोघर फिरून सगळ्यांचीच नोंद घेतली: कोणी काय फवारलं, तोंडाला काही बांधलं होतं का, त्रास कधी सुरू झाला.

घरी जुना कॉम्प्युटर होता, मुलगी अर्पिताच्या शिक्षणासाठी घेतलेला. अर्पिता शिकायला नागपूरला गेली आणि ममतानं त्यावर टायपिंग शिकून घेतलं. वहीतली यादी ती त्यावर उतरवत होती. शुक्रवारी डॉक्टरांचं पथक तालुक्याला येणार होतं, त्यांच्या हातात ती द्यायची होती.

रविवारी तिनं मराठी टायपिंगचं एक फुकटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवलं. सोमवारपासून स्क्रीनच्या कोपऱ्यात लॉटरीच्या, गोरं होण्याच्या क्रीमच्या जाहिराती उगवू लागल्या. एक बंद केली की दोन उघडायच्या. मंगळवारी सकाळी पूर्ण स्क्रीन लाल झाली आणि भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा, असं हिंदीत लिहिलेलं.

तिचा नवरा धर्मपाल ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचं काम करायचा. तो घाबरला आणि त्यानं तो नंबर लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलत होता. त्यानं एक प्रोग्राम उतरवायला सांगितला. तो सुरू केला की स्क्रीनवर आकडे येतील, ते वाचून दाखवा, मग मी इथूनच सगळं साफ करतो, म्हणाला. ममतानं नवऱ्याच्या हातून फोन घेतला आणि त्याला शांतपणे विचारलं, आमच्या घरच्या कॉम्प्युटरला काय झालं हे तुम्हाला तिथं बसून कसं कळलं? तो चिडला, सगळं जळून जाईल म्हणाला. तिनं फोन ठेवला, इंटरनेटचा डोंगल उपटून काढला आणि कॉम्प्युटर सरळ बंद केला.

"काहून कापला फोन? तो दुरुस्त करून देत होता," धर्मपाल म्हणाला.

"यादीत लोकायची नावं हायेत, कोणाले काय झालं ते हाये," ती म्हणाली. "अनोळखी माणसाले आपलं कपाट उघडून देत असते का कोणी?"

बुधवारी ती घाटंजीच्या दुकानात विचारायला गेली. दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल असं सांगितलं, आणि तेही शनिवारी. तिथूनच तिनं मला फोन केला. मी म्हटलं, राहू दे, वहीच देऊ. ती म्हणाली, "ताई, वहीतलं अक्षर मलेच लागते. डॉक्टरायले लागलं पाहिजे."

घरी येऊन तिनं आधी यादीची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. मग बसून विचार केला, हे कधीपासून सुरू झालं? रविवारनंतर. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन तिनं कॉम्प्युटरमधले सगळे प्रोग्राम तारखेप्रमाणे लावून पाहिले. रविवारच्या तारखेला तीन नावं होती. तिनं उतरवलं होतं एकच. बाकीची दोन, एक कूपनचं आणि एक कॉम्प्युटर फास्ट करतो म्हणणारं, त्याच्यासोबत गुपचूप आत आली होती, कारण ती न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेली होती. ही चूक तिनं मला स्वतःहून सांगितली. तिनं तिन्ही काढून टाकली. ब्राउझरमधलं एक अनोळखी एक्स्टेन्शन काढलं, बदललेलं पहिलं पान पूर्वीसारखं केलं. तिला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या लालसिंग सरांना फोन करून चांगला अँटिव्हायरस कोणता ते विचारलं, आणि डोंगल परत लावून तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घेतला. दुपारभर तपासणी चालली.

गुरुवारी सकाळी पुन्हा कोपऱ्यात एक जाहिरात आली. तेव्हा मात्र तिला रडू आलं, असं तिनं नंतर मला सांगितलं. मग लक्षात आलं की मागे कधीतरी एका साइटनं सूचना पाठवू का असं विचारलं होतं आणि तिनं 'अलाऊ' दाबलं होतं. ती परवानगी शोधून बंद केली. त्यानंतर स्क्रीन शांत राहिली. लालसिंग सरांनी सांगितलेल्या दुसऱ्या मराठी सॉफ्टवेअरवर संध्याकाळपर्यंत उरलेली नावं टाइप झाली.

शुक्रवारी पथकाच्या पुढ्यात त्रेचाळीस नावांची स्वच्छ छापील यादी होती. मोठ्या डॉक्टरांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि दोन नावांवर बोट ठेवलं. त्यातला एक तांड्यावरचा सेवादास, दुसरे किसनराव. दोघेही घरी झोपून होते, दोघांचीही नजर अंधुक झालेली. त्याच दुपारी गाडी पाठवून त्यांना दवाखान्यात आणलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. दोघंही आठवड्यानं आपल्या पायांनी घरी गेले.

डॉक्टरांनी मला विचारलं, ही यादी कोणत्या ऑफिसनं केली? मी मागे वळून पाहिलं. ममता दाराजवळ उभी होती, आशाताईंची साडी नीट चापून नेसलेली. मी काही बोलायच्या आत तीच पुढे आली.

"मी केली, सर. माझ्या घरी."

पुढे तालुक्याच्या बैठकीत आम्ही तिला अर्धा तास दिला. स्क्रीनवर अनोळखी खिडकी उघडली तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे तिनं साठ आशाताईंना फळ्यावर लिहून समजावलं. धर्मपाल तिला आणायला आला होता. तो शेवटच्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेत होता.