खिशातला गुलाल

पेणच्या आमच्या कॉलेजचा कबड्डीचा सामना कुठेही असो, मिठागरावर काम करणारा तो माणूस माझ्या शेजारी असायचाच. नाव मी कधी विचारलं नाही. त्याची एक खोड होती. आपला गडी चढाईला गेला की हा श्वास रोखायचा, तो परत आला की सोडायचा. डोळे पांढरे व्हायचे, पण टाळी म्हणून वाजवायचा नाही.

रोह्याच्या अंतिम सामन्याला मी अतिशहाणपणाने गुलालाची पुडी आधीच खिशात घालून गेलो. शेवटच्या चढाईत आमच्या हुकमी गड्याचा गुडघा फिरला. त्याने सरपटत येऊन मध्यरेषेला हात लावला, तरी आम्ही एका गुणाने हरलो. गडी तोंड झाकून मातीतच पडून राहिला. मी पुडी लपवायला गेलो, तर घामाने सदरा छातीवर लालभडक.

"काढा ती पुडी, मास्तर," मिठागरवाला म्हणाला.

"अहो, हरलो आपण."

"आपण हरलो. तो नाय हरला."

त्याने गड्याला गुलाल फासला आणि मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या खांद्यावर गुडघा सांभाळून उचललं. रोहेकरांचा विजयाचा ढोल आपणहून आमच्यापुढे चालू लागला. गड्याने तोंडावरचे हात काढले.

पेणच्या स्टँडवर आमचे लाल अवतार पाहून एकाने विचारलं, "कितीनी जिंकलात?"

"पाचनी," मी बोलून गेलो.

शेजाऱ्याने श्वास रोखला. विचारणारा वळणाआड गेल्यावर सोडला, आणि टाळीसाठी माझ्यापुढे हात केला.