दीपगृहाच्या जिन्यात धरलेलं मनगट

लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो मी. भूतबित, भानामती असल्या गप्पांची पोरांसमोर मनसोक्त टिंगल केलेला माणूस... तरी हे लिहायलोय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसना नुसता ऊत आला होता. बारावीचे पेपर संपले की आम्ही ट्रिप काढायचो. त्या वर्षी रत्नागिरी ठरली. बायको, सुनंदा, सोबत होती. ती किल्लारीकडची, भूकंपात तिची आई आणि थोरला भाऊ गेले. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी जिथं कैदेत ठेवलं तो राजवाडा पाहिला. बंदरावर मासळीच्या वासानं अर्धी पोरं नाकाला रुमाल लावून! दुपारी भगवती किल्ला करून दीपगृहात शिरलो. पूर्वी गलबतं या बंदरात कशी यायची ते सांगत मी जिना चढत होतो. पोरं पुढं, सुनंदा माझ्या मागं, सगळ्यात शेवटी.

"अहो... समद्या पोरांना खाली घ्या."

वळून पाहिलं. तिचा उजवा हात मागं ताणलेला — कोणी ओढावा तसा. मागं कोणीच नव्हतं.

"काय झालं?"

"बायरं चल म्हणतोय."

"कोण?"

तिचा चेहरा असा झाला होता की मी मुकाट सगळ्यांना खाली उतरवलं. बाहेर उन्हात उभे राहिलो. काहीच झालं नाही. दीपगृह जागच्या जागी. पोरं हसायला लागली.

आम्ही बाजूला जाऊन बसलो, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "त्या राती दादानं असंच मनगट धरून मला बायरं काढलं. आईला आणतो म्हणून परत आत गेला..."

तिनं मनगट पुढं केलं. बोटांचे ठसे, स्पष्ट. पांढरी, ओलसर माती — आमच्याकडं घराच्या माळवदावर, त्या मातीच्या छतावर, टाकतात ती! इथं तर जिकडंतिकडं लाल जांभा. मी परत जिन्यात जाऊन भिंत, कठडा, सगळं घासून पाहिलं. ऑइल पेंट. हाताला काहीच लागलं नाही.

"धुऊन टाक," मी म्हणालो. भ्यालो होतो.

"ऱ्हाऊ द्या हो जरा," ती म्हणाली. "किती वर्षांनी हात धरलाय त्यानं."

माती वाळून आपोआप गळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. ती कुठून आली, मला आजही सांगता येत नाही.