एका मिनिटाच्या आतला आवाज

माझ्या फोनमध्ये गाणी वाजवायचं जे ॲप आहे त्यात एकही गाणं नाही. त्यात अप्पांच्या आवाजाचे तुकडे आहेत, शंभराच्या वर. सगळ्यांत मोठा तुकडा नऊ सेकंदांचा आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातुरात ॲटोवर भोंगा लावून ते अलाउन्स करायचे. सभा, मोर्चा, नळाला पाणी येणार नसल्याची सूचना, साड्यांचा सेल आणि मयत. आमच्याकडे माणूस गेला की नातेवाइकांना फोन जातात, पण गल्लीला कळवायला ॲटोच फिरतो. कुणाच्या घरी ‘निधन’ म्हणायचं आणि कुणा लिंगायताच्या घरी ‘लिंगैक्य’, हे अप्पांना विचारावं लागत नसे. ॲटो दिसला की दुकानदार हात वर करायचे आणि अप्पा बोलणं न थांबवता मान हलवायचे.

मी त्या ॲटोच्या मागच्या सीटवर वाढले. पत्रकं उधळायचं काम माझ्याकडे होतं. वाचायला मी पत्रकांवरूनच शिकले आणि शाळेची गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. म्हणून असेल, मला हळू बोलता येत नाही. साधं पत्र लिहायला घेतलं तरी शेवटी ‘झालंच पाहिजे’ येतं.

अप्पांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी अप्पा मला म्हणाले, “माय, तुझा फोन घे. शब्द भरून ठेवू.”

“कसले शब्द?”

“सगळे. वार बोलतो, वाजायचे टाइम बोलतो, चौक बोलतो, गावं बोलतो. लागल तसे जोडायचे. गळा गेला तर गेला, धंदा कशाला जाऊ द्यायचा?”

आम्ही आतल्या खोलीत पंखा बंद करून बसलो. खिडकीवर गोधडी टांगली. बाहेर आई कुकरची शिट्टी हाताने धरून उभी होती. अप्पा एक शब्द बोलायचे, कोमट पाण्याचा घोट घ्यायचे, मग दुसरा. सोमवार. मंगळवार. सकाळी. सायंकाळी. जळकोट, उमरी, उदगीर. आवाज आधीच चिरकत होता, पण फोन समोर धरला की तो कुठून तरी उभा राहायचा.

यादी मी केली होती, अर्थात पत्रकाच्या मागे. तिच्यात धरणे होतं, घेराव होता, शेतमजुरांच्या मागण्या होत्या. ‘एकजुटीचा विजय असो’ मी तीन वेगवेगळ्या चालींत म्हणवून घेतलं. मध्येच अप्पा म्हणाले, “आता मयतीचं घेऊ.”

“ते नको.”

“अगं, निम्मं काम तेच हाय.”

“अप्पा, मेलेल्यांची खबर कुणीही देईल. जित्या माणसाच्या हक्काचं बोला. तुमचा आवाज त्यासाठी राहायला पाहिजे.”

“बरं बाई पुढारी,” अप्पा हसले. मग खोकला आला. तो थांबेपर्यंत आवाज बसला होता आणि आम्ही उठलो.

ते मी तत्त्वाचं म्हणून बोलले होते. खरं इतकंच होतं की त्या दिवशी, त्यांच्या तोंडून, ‘दुःखद निधन’ हे शब्द मला ऐकवले नसते. भीती वाटते म्हणाले असते तर अप्पांनी दोन मिनिटं थांबून, माझ्या पाठीवर हात ठेवून, ते वाक्य मला बाहेर पाठवून भरलं असतं. मी भाषण केलं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने ते ॲटोत बसले. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल, मांडीवर लिहायची पाटी. मी सगळे तुकडे त्यांच्या फोनमध्ये टाकले आणि फोनमधलंच गाण्यांचं ॲप उघडलं. यादी कोरी होती. अप्पांनी फोन हातात घेतला, बोटाने वर-खाली केलं आणि दुसरा हात गळ्यावर नेला. आवाज दुसऱ्यांदा गेला, असंच त्यांना वाटलं असणार. पाच मिनिटांनी मला कारण सापडलं. एका मिनिटाच्या आतलं काहीही ते ॲप गाणं मानत नव्हतं, म्हणून दाखवतच नव्हतं.

दुसरं ॲप घेतलं. शिक्षकांच्या धरण्याची अलाउन्स होती. गंजगोलाईच्या बाजारात ‘सर्व शिक्षक बंधू आणि भगिनींनी’ इथवर आलं आणि भोंग्यातून जाहिरातीतली एक बाई हिंदीत पत्ते खेळायला बोलवू लागली. फळवाले पोट धरून हसले. अप्पाही हसले, नुसते खांद्यांनी. मी मात्र त्या ॲपखाली एक तारा देऊन दीड पान मजकूर लिहिला आणि शेवटी ‘जाहीर निषेध’ लिहिलं.

तिसरं फार हुशार होतं. एक तुकडा संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचं. ‘बंधू आणि भगि’ एवढंच ऐकू यायचं. लिहिलेलं वाचून दाखवणारंही एक निघालं. त्यातल्या बाईचं मराठी शुद्ध होतं. अप्पांनी पाटीवर लिहिलं, “ही कोन?” आणि लगेच पुसून टाकलं.

पाचवं मी नांदेडला, विद्यापीठाजवळच्या विष्णुपुरीतल्या माझ्या खोलीवर, आठवडाभर वापरून मग आणलं. दिसायला रद्दी. चित्र नाही, जाहिरात नाही, नुसती नावं आणि मोठी बटणं. दाबलं की वाजतं, संपलं की गप्प बसतं. अप्पांनी चौकात ॲटो थांबवून बोटाने दाबत अख्खी सभा सांगितली. पाटीवर लिहिलं, “हे ठेव.”

घरीही ते वापरू लागले. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात भोंग्याइतका आवाज, “बंधू आणि भगिनींनो!” आई आतून ओरडायची, “आले की! एकटीला जनता करून ठेवली ह्या माणसानं.” मी नांदेडला निघाले की फाटकापाशी फोन उंच धरायचे, “वेळेवर उपस्थित राहावे.” ‘लवकर ये’ असं काही आम्ही भरलंच नव्हतं. माझं नावसुद्धा भरलं नव्हतं.

त्याच महिन्यात शेजारचे आजोबा गेले. त्यांचा मुलगा सकाळी दारात आला. अप्पांनी सवयीने किल्ली उचलली, फोन उघडला आणि यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग परत वर गेले. मी तिथेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाटीवर दुसऱ्या अलाउन्सवाल्याचं नाव लिहून दिलं, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्याचं.

“मी म्हणते ना,” मी म्हणाले. “ते एक वाक्य माझ्या आवाजात घालू.”

अप्पांनी बराच वेळ लिहिलं. “मयतीचा आवाज लोकांच्या कानात बसतो. मंग त्या बाईनं मोर्चाला बोलवलं तरी माणूस आधी दचकतो. तू न्हाई बोलायचं.” खाली अजून एक ओळ होती, “तुझा ऱ्हाऊ दे.”

निम्मं काम गेलं ते गेलंच. ॲटो सकाळी फाटकात उभा दिसायचा. मी यायचे तेव्हा अप्पा त्याची काच पुसत असायचे.

पुढच्या उन्हाळ्यात दुखणं उलटलं. आईचा फोन सकाळी सातला आला. लोह्याच्या पुढे रस्ता खोदलेला होता, बस तासभर अडकली. मी पोचले तेव्हा अप्पांना अंगणात घेतलं होतं.

तो अलाउन्सवाला ॲटोपाशी उभा होता. “ताई, मी सांगतो. अप्पांनीच शिकवलंय.”

“तुम्ही चालवा,” मी म्हणाले.

मागच्या सीटवर बसले. अप्पांचा फोन भोंग्याच्या मशीनला जोडला, माईक मांडीवर घेतला. पहिल्या कोपऱ्यावर ॲटो थांबला आणि मी बटण दाबलं.

“बंधू आणि भगिनींनो.”

पिठाच्या गिरणीवाल्याने दळण टाकता टाकता, इकडे न बघताच हात वर केला. समोरच्या किराणा दुकानातूनही एक हात वर झाला. मी माईक तोंडाशी नेला. अप्पांचं नाव घेतलं. त्यांचं आज सकाळी दुःखद निधन झालं आहे, असं म्हणाले. माझा आवाज त्यांच्या आवाजाला लागून, फार मोठा आणि कोवळा, समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. गिरणीवाल्याने आता इकडे पाहिलं. त्याचा हात वरच होता, पीठ लागलेला.

‘अंत्ययात्रा’ हा शब्दही मीच म्हणाले, मग खाली पाहून बटणं दाबली. दुपारी. चार. वाजता. राहत्या घराचा चौकही यादीत होता, तो दाबला. शेवटचं बटण दाबायला वेळ लागला. अलाउन्सवाला मागे न वळता थांबून राहिला.

“वेळेवर उपस्थित राहावे,” अप्पा म्हणाले.

मग दुसऱ्या कोपऱ्यावर गेलो.