केक घेऊन निघालेला मामा

"मी ऋजुताचा मामा," समोरचा माणूस म्हणाला. "पोरं कुठल्या रिसॉर्टला उतरलीत तेवढं सांगा. केक द्यायचाय. सरप्राइज."

सकाळची वेळ होती. मी नुकताच कॉम्प्युटर चालू केला होता. माणूस तिशीतला, उंच, उजव्या भुवईवर जखमेची खूण, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मामा भाचीहून चार-पाच वर्षांनीच मोठा असू शकतो, नाही असं नाही. मी खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

हुबळीत केशवापूरला माझं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस आहे. मी आणि बसवराज, एवढाच स्टाफ. तिकिटं, पॅकेज आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. गाड्या, ड्रायव्हर आणि हॉटेलवाले बसवराजकडे. हनिमूनची बुकिंग आमच्याकडे बरीच येतात. परदेशाचा खर्च नको असेल तर आमचं एक ठरलेलं पॅकेज आहे. आधी दांडेलीचं जंगल, काळी नदीच्या काठाला एका कॅम्पवर झाडावरच्या खोलीत मुक्काम, सकाळ-संध्याकाळ जीप सफारी. मग घाट उतरून खाली समुद्र, गोकर्णच्या बाजूला बीच स्टे. हत्ती, गवे, धनेश पक्षी, नारळाची झाडं, सगळं एका आठवड्यात. दोघं कुठल्या दिवशी कुठं असणार, किती वाजता निघणार, याच्या कागदाला आम्ही आयटिनररी म्हणतो. हनिमूनला जाणाऱ्यांची आयटिनररी आम्ही कुणाला देत नाही. नातेवाइकांना तर नाहीच. मित्र दारावर ढोल घेऊन उभे राहिल्याची उदाहरणं आहेत.

सरप्राइज केकसुद्धा नवीन नाही. पण केक पाठवणारे लोक आधी केकबद्दल बोलतात. केवढा, कुठला, त्यावर नाव काय घालायचं. हा माणूस केकबद्दल बोलतच नव्हता.

"तुम्ही फ्लेवर सांगा," मी म्हणाले. "आमचा माणूस तिथं पोचवेल."

"नको नको, मी स्वतःच नेतो. त्यांचं कॉटेज वेगळं असतंय का लाइनीत असतंय?"

"का बरं?"

"सहज. आणि सफारीला निघतात ते किती वाजता? फक्त ते दोघंच असतात का अजून कोण?"

"केक घेऊन सफारीला जाणार?"

तो हसला. "दांडेलीला आलोच आहे म्हटल्यावर जंगल पण बघावं की."

दांडेलीचं नाव मी काढलं नव्हतं.

मी म्हणाले, "सिस्टम बंद आहे. नंबर ठेवून जा, कळवते." त्यानं नंबर दिला नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून तो खाली वाकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "बाहेर पाटीवर आडनाव वाचलं तुमचं. तुम्ही आपल्यातल्याच की. आपणच एकमेकांना बघायला नको का?"

इथं मला या जोडप्याबद्दल सांगायला हवं. ऋजुता धारवाडची, सप्तापूरची. वडील निवृत्त प्राध्यापक. ती हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रशांत हुबळीचा, एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन. घर बौद्ध, वडील रेल्वेत होते. दोघांनी रजिस्टर लग्न केलं होतं. बुकिंगला आले तेव्हा प्रशांतचे आई-वडील बरोबर होते, ऋजुताच्या बाजूचं कुणी नव्हतं. मी विचारलं नव्हतं. विचारायचं ते माझं काम नाही. पण आडनावं मलाही वाचता येतात.

"आपल्यातली म्हणजे कशातली?" मी त्याला विचारलं.

"तुम्हाला कळलंय," तो म्हणाला.

"मला एवढंच कळलं की तुम्हाला गिऱ्हाइकाची माहिती पाहिजे. ती मी देत नाही."

तो सरळ उभा राहिला. मघाचं हसू गेलं होतं. "बघतो मग," म्हणाला आणि बाहेर पडला. बसवराज चहा सांगायला दारात गेला होता, तो परत आला.

"अक्का, त्याच्या गाडीत आणखी तिघं बसलेत. गाडी धारवाडच्या बाजूला गेली."

धारवाडवरून हळियाळ, हळियाळवरून दांडेली. हाच रस्ता. जोरात गेलं तर दोन तासांच्या आत.

ऋजुताचा फोन लावला. लागला नाही, प्रशांतचाही नाही. यात विशेष काही नव्हतं, त्या कॅम्पवर मोबाइलला रेंज नसते. लोक त्यासाठीच तिथं जातात. मी कॅम्पच्या लँडलाइनवर फोन केला. मॅनेजर फर्नांडिस माझ्या ओळखीचा, जुना माणूस. म्हटलं, आमच्या गेस्टबद्दल कुणी चौकशी केली का?

"आत्ताच तर तुमच्याच ऑफिसातून फोन आला, मॅडम. पोरगी बोलली रिसेप्शनवरची. बसवराज म्हणून कोणी होते. गेस्ट पोचलेत का, किती दिवस आहेत, असं विचारलं. तिनं सांगितलं, पोचलेत म्हणून."

बसवराज माझ्यासमोर बसून बशीत चहा ओतत होता.

मी त्याच्याकडे बघितलं. माझ्या बघण्यात काय होतं ते त्याला दिसलं असणार. त्यानं बशी खाली ठेवली. "अक्का, मी इथंच आहे की. फोन पण चार्जिंगला लावलाय, बघा."

फोन खरंच भिंतीला लटकत होता. पण त्याच्या नावानं बोलणारा कुणीतरी होता, आणि त्याला त्याचं नाव माहीत होतं. माझ्या डोक्यात लगेच ड्रायव्हर आला. महांतेश. जोडप्याला त्यानंच नेलं होतं आणि गाडी घेऊन तो तिथंच मुक्कामाला होता. बसवराजचं नाव त्याला माहीत, कॅम्प माहीत, सफारीच्या वेळा माहीत. मी त्याला फोन लावला. स्विच ऑफ.

"महांतेशला किती ओळखतोस?" मी बसवराजला विचारलं.

"माझ्या गावचा आहे. असलं करणार नाही."

"गावचा आहे म्हणून करणार नाही?"

"नाही अक्का. तो महांतेश आहे म्हणून करणार नाही." तो थोडा रागावला होता. "माझं नाव आपल्या पाटीवर आहे. संपर्क, बसवराज. तुमचं आडनाव वाचलं त्यानं, माझं नाव नाही वाचणार? आणि चौघांनी मिळून दांडेलीच्या एकेका कॅम्पला फोन लावला की झालं."

बरोबर होतं. तरी मी महांतेशला मनातून सोडलं नाही.

पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकत होता. "मॅडम, तक्रार काय लिहू? केक घेऊन चाललेत?" मी सगळं पुन्हा सांगितलं. खोटं नातं, खोट्या नावानं फोन, चार माणसं, मुलीनं जातीबाहेर लग्न केलेलं. हे शेवटचं ऐकल्यावर त्याचा सूर बदलला. गाडीचा रंग विचारला, कॅम्पचं नाव घेतलं, तिकडच्या ठाण्याला कळवतो म्हणाला.

आता कॅम्पच्या फोनची वाट बघायची. सकाळच्या सफारीची जीप आत गेली की परत येईपर्यंत निरोप पोचत नाही. मी फर्नांडिसला सांगून ठेवलं होतं, जीप फाटकात आली की दोघांना थेट फोनजवळ आण. त्या वेळात ऑफिसात तिरुपतीच्या तिकिटासाठी एक कुटुंब येऊन बसलं. मी त्यांना काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं आणि डोळ्यांपुढं हळियाळचा रस्ता.

फोन वाजला. ऋजुता होती, आवाजात नुसता आनंद. "अक्का, गवा बघितला! एवढा जवळ!"

"ऋजुता, ऐक. तुला मामा आहे का? तिशीतला, उंच, उजव्या भुवईवर खूण?"

"मामा आहेत," ती म्हणाली. " साठ वर्षांचे. खूण आहे तो माझा चुलतभाऊ."

"तो तिकडे निघालाय. चौघं आहेत."

"त्याला कसं कळलं?"

"तेच मी तुला विचारणार होते. कुणाला सांगितलं होतंस?"

"फक्त आईला," ती म्हणाली. "आई बाबांना चोरून गच्चीत जाऊन माझ्याशी बोलते. तिला काळजी होती, म्हणून सांगितलं, दांडेलीला जातोय, केशवापूरच्या अक्कांनी सगळं बघितलंय. तो आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो." ती घाईनं म्हणाली, "आईनं मुद्दाम नाही सांगितलं, अक्का. ऐकलं असणार त्यानं."

त्या घडीला मला कुणाचीच खात्री नव्हती, तिच्या आईचीही नाही.

"महांतेश कुठं आहे?" मी विचारलं. "त्याचा फोन बंद आहे. त्याच्या गाडीत बसू नका, दुसरी गाडी मी बघते."

"महांतेशअण्णा? ते आमच्याबरोबर जीपमध्येच होते की. त्यांनी कधी सफारी केली नव्हती, म्हणून प्रशांतनं ओढून नेलं. फोन बॅगेत बंद ठेवायला लावला गाइडनं."

बसवराज समोरून ऐकत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

प्रशांतनं फोन घेतला. मी सांगितलं, लगेच निघा, सामान भरा, हळियाळच्या बाजूला वळू नका, यल्लापूरकडून घाट उतरा. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही काय चोरी केलीय का? रजिस्टर लग्नाच्या वेळी आले होते ते, तिथंही आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. आता हनिमूनमधूनही पळायचं? येऊ देत त्यांना. बोलू."

"चार माणसं बोलायला येत नाहीत, प्रशांत."

"म्हणून आयुष्यभर..."

त्याचा आवाज दूर गेला. ऋजुता त्याला काहीतरी सांगत होती. मला एवढंच ऐकू आलं, "माझा भाऊ आहे तो. मला माहीत आहे तो काय करतो." मग तो परत फोनवर आला. "निघतो," म्हणाला. फक्त एवढंच.

पुढचं बुकिंग मी बदललं. गोकर्णजवळचं हॉटेल तसंच ठेवलं, रद्द केलं नाही. कुणी विचारलं तर तिथं नाव सापडलं पाहिजे. खरी खोली कारवारच्या अलीकडे एका लहान घरगुती लॉजमध्ये घेतली, ऑफिसच्या नावावर. मालकीण बाई कोकणी बोलणारी. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येऊ देत पोरांना, मी आहे."

दुपारी फर्नांडिसचा फोन आला. गाडी आली होती. ही दोघं जाऊन तासभर झाला होता. चौघं उतरले, रजिस्टर मागू लागले. फर्नांडिसनं दिलं नाही. एकजण सरळ या दोघांच्या झाडावरच्या खोलीकडे चालत गेला आणि जिना चढून दार ढकलून बघून आला. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. गाडी उघडायला लावली.

"केक होता का?" मी विचारलं.

"केक नव्हता. क्रिकेटचे स्टंप होते, पाच-सहा. बॅट-बॉल काही नाही."

पोलिसांनी चौघांना ठाण्यावर नेलं, घरी फोन केले, लेखी हमी घेऊन सोडलं. हुबळीला परत आल्यावर प्रशांत आणि ऋजुतानं रीतसर तक्रार दिली. वकील प्रशांतच्या वडिलांनी बघितला. चुलतभावाला सप्तापूरच्या घरातून बाहेर काढलं, तेही म्हणे प्राध्यापकांनीच. मुलीशी ते अजून बोलत नाहीत. पण पोलीस दारात आले हे त्यांना सहन झालं नसावं. कारण काहीही असो, तो तिथं नाही.

समुद्रावर दोघं राहिले ते ठरलेले सगळे दिवस. महांतेश त्यांच्याबरोबर थांबला. रात्री लॉजच्या दारात गाडी आडवी लावून तो गाडीतच झोपायचा, असं मला नंतर त्या मालकीणबाईंकडून समजलं. त्यानं स्वतः सांगितलं नाही. बसवराजनं मात्र ते मला दोनदा सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी ऑफिसात एक बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, धारवाडहून बसनं आलेल्या. "मी ऋजुताची आई," म्हणाल्या.

मी त्यांना पाणी दिलं. चेहरा मुलीचाच होता. तरीही मी विचारलं, "काय काम होतं?"

"काही नाही. तिच्याशी फोनवर बोलते मी. ती म्हणते, मजेत आहे. फोनवर सगळेच मजेत असतात. तुमच्याकडे फोटो पाठवतात ना गिऱ्हाइकं, फिरून आल्यावर? एखादा असेल तर बघायचा होता."

फोटो होते. ऋजुतानंच पाठवले होते. मी बाईंना म्हणाले, "दोन मिनिटं बसा." आत जाऊन ऋजुताला फोन लावला. शाळेत होती. मी सांगितलं, अशा अशा बाई आल्यात, निळ्या काठाची साडी, हनुवटीवर तीळ आहे.

मागं मुलांचा गोंगाट चालला होता.

"आईच आहे," ती म्हणाली. "दाखवा. पण लॉजचं नाव दिसू देऊ नका, अक्का. पुन्हा जायचंय आम्हाला तिथं."

मी एक फोटो निवडला. त्यात फक्त पाणी होतं आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहिलेली ऋजुता, तोंड उघडं, केस सगळे विस्कटलेले. बाईंनी माझा फोन दोन्ही हातांनी धरला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पाण्याला भीत होती ही," त्या म्हणाल्या. "धारवाडच्या तळ्याच्या पायऱ्यासुद्धा उतरायची नाही."

फोटो पाठवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. माझा फोन घरातले बघतात." आणि पिशवी उचलून गेल्या.

या प्रकरणानंतर आमच्याकडे एकच बदल झाला. बुकिंग घेताना सगळे एजंट विचारतात, अडचण आली तर कुणाला फोन करायचा? आम्ही त्यापुढं अजून एक विचारतो, आणि कुणाला मुळीच काही सांगायचं नाही? बहुतेक जोडपी हसतात. एखादंच हसत नाही, एकमेकांकडे बघतं. मग बसवराज उठून दार लावून घेतो, आणि मी त्यांचं बुकिंग ऑफिसच्या नावावर करते.