चांगुणाताईंचा कागद

समोरचा माणूस कोणीही असो, चांगुणाताई त्याला पहिल्यांदा त्याच्या आईचं नाव विचारायच्या. जीपचा ड्रायव्हर, नवा ग्रामसेवक, मुंबईहून आलेला डॉक्टर, कोणाचीच सुटका नव्हती. आमच्या संशोधन प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांच्यासमोर आम्ही सगळे उभं राहूनच बोलायचो, ते पहिल्यांदा पाड्यावर आले, तेव्हा त्यांनाही अंगणात थांबवून ताईंनी विचारलं, "तुमच्या आयेचं नाव काय?"

सर गडबडले. मग हळूच म्हणाले, "सुमती."

"हायत का?"

"नाही. मागच्या वर्षी गेली."

ताईंनी मान हलवली आणि घोंगडी अंथरली. "बसा. आता वळखीचे झालात."

मी वाशिंदची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर या प्रकल्पात लागले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या डोंगरपाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार किती आहे आणि तो असलेल्यांना पुढे काय त्रास होतो, हे शोधायचं होतं. शहापुरात दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. गोळा केलेलं रक्त तिथून मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचं. चांगुणाताई वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांच्या आशाताई. चौथी शिकलेल्या, पन्नाशीच्या, काटक. नवरा कधीच वारलेला, एकुलती मुलगी मंजुळा भातसानगरच्या बाजूला दिलेली.

पहिल्या दिवशी आम्ही सुया आणि नळ्यांचे खोके घेऊन पाड्यावर पोचलो, तर घरांना कड्या. बायका मागच्या दाराने रानात गेल्या होत्या. एकट्या चांगुणाताई ओट्यावर बसलेल्या. माझ्या आईचं नाव विचारून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"रगत मुंबईला नेऊन काय करनार?"

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "पाच वर्सांमागं पन कोनी आलेले. रगत नेलं, फोटू काढले. खबर नाय दिली. तू देशील?"

"देणार, ताई. प्रत्येकाला त्याचा कागद मिळणार."

"नक्की ना गो?"

"नक्की."

त्यांनी बाही वर केली. "मंग आधी माझं घे." त्यानंतर त्या स्वतः रानात गेल्या आणि तासाभरात बारा बायकांना घेऊन आल्या.

पुढचे दोन महिने मी त्यांच्या मागे पाडे पालथे घातले. मी आजार समजावायला लागले की लोक माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघायचे. ताई मला बाजूला सारायच्या आणि कुडात खोचलेला विळा काढायच्या. "रगतात गोल गोल दाने असतात. ते पान्यासारखे वाहतात. हा आजार असला की दाने असे होतात, इळ्यासारखे. बारीक शिरेत इळा आडकला की पुढं रगत जात नाय. मंग हाडं दुखतात, पोरगं रडतं, आनि आपन बोलतो कोनी करनी केली." एवढं त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं होतं, पण विळा त्यांचा होता. पुढे आमच्या सगळ्या टीमने तो उचलला.

शिमग्याला मंजुळा माहेरी आली होती. एकोणीस वर्षांची, हसताना तोंडावर पदर धरणारी. तिचे हातपाय लहानपणापासून दुखायचे, थंडीत जास्त. घरात त्याला वात म्हणत. ताईंनी तिला माझ्यापुढे बसवलं. "हिचं पन घे. माझी हाय म्हनून सोडू नको." नळीवर मी नंबर चिकटवला, तोच नंबर तिच्या संमतीच्या फॉर्मवर लिहिला. जाताना मंजुळाने विचारलं, "दुखायचं थांबंल का याच्यानं?" मी म्हणाले, "आधी कळू दे तर खरं काय आहे ते. औषधं आहेत यावर."

रक्त मुंबईला गेलं. दोन महिन्यांत निकाल यायला लागले. ते यायचे फक्त नंबरांनी. नावं कोणाला दिसू नयेत म्हणून संमतीचे फॉर्म शहापूरच्या कपाटात कुलपात, आणि निकाल माझ्या संगणकावर. नियम चांगला होता, आजही चांगलाच आहे. पण निकालाचे कागद वाटायचे तर त्यांचा मसुदा प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या समितीने मंजूर करायला हवा होता. समितीची बैठक लांबली. मग सर म्हणाले, सगळे नमुने पुन्हा एकदा पडताळून घेऊ, चुकीचा कागद गेला तर कोणाचं लग्न मोडेल. तेही खरं होतं.

ताईंचा फोन दर आठवड्याला यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "कागद कदी?"

"येतील ताई. थोडं थांबा."

"थांबते. पन कदी?"

पुढे पुढे त्यांचा नंबर दिसला की मी फोन वाजू द्यायची. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच घडलं. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

भाद्रपदात एका दुपारी उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला. मंजुळा गेली. सातवा महिना होता.

झालं होतं ते असं. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चार दिवस कंबर आणि मांड्या दुखत होत्या. मग ताप चढला, छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. ताईंनी तिला मुरबाडला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिचे पिवळे डोळे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "सिकलसेलची तपासणी झालीय का हिची?"

ताई म्हणाल्या, "झालीय. रगत दिलंय. कागद नाय आला."

डॉक्टरांनी प्राणवायू लावला, रक्त तपासायला घेतलं, मोठ्या दवाखान्यात हलवायला गाडी बोलावली. कल्याणच्या अलीकडेच मंजुळा गेली. आईच्या मांडीवर डोकं होतं. पोटातल्या बाळालाही वाचवता आलं नाही.

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडलं. मंजुळाचा फॉर्म सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नंबर संगणकावर टाकला. समोर निकाल होता, मी स्वतः वैशाखात टाइप केलेला. सिकलसेल, पूर्ण आजार. टाइप करताना मी त्या ओळीवरून पुढच्या ओळीवर गेले होते, कारण तो फक्त एक नंबर होता.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. घरात बायका बसल्या होत्या. ताई कुडाला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. कपाट, किल्ली, वैशाख, काही राखलं नाही.

"तुला म्हाईत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं. पण बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही."

 मला वाटलं, आता उठवतील. उठवलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"तिकडं भातसानगरला नर्सबाईनं तिला विचारलेलं. दिवस गेल्यावर. बोलली, ही तपासनी करून घे. मंजुळानं मला फोन केला. मी बोलले, दोनदा कशाला टोचून घेतेस? आपलं रगत मुंबईला गेलंय, मोठ्या मशिनीत. कागद येनारच हाय. मॅडम बोललीय." त्यांनी हाताची मूठ वळली आणि सोडली. "मीच नको बोलले तिला."

मला हे माहीत नव्हतं. आमचा प्रकल्प पाड्यावर आलाच नसता, तर मंजुळाची तपासणी तिथे, त्या आठवड्यात झाली असती. नर्सबाईंनी तिला वेळेत पुढे पाठवलं असतं. वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. पण डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं.

मी रडायला लागले. ताईंनी मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. रडून होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्यांचे कागद कुठं हायत?"

"शहापूरला."

"मंग इथं काय करतेस?"

मी तशीच मुंबईला गेले. सरांच्या केबिनमध्ये पहिल्यांदाच न विचारता खुर्चीवर बसले. मंजुळाचं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होणं मला जमलेलं नाही, ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला, कागद वाटायची परवानगी मागितली, आणि संध्याकाळच्या आत पत्र हातात पडलं. चार ओळींचं पत्र. चार महिने तेवढंच अडलं होतं.

मंजुळाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई कामाला बाहेर पडल्या. मी म्हणाले, "मी जाते एकटी, तुम्ही थांबा." त्या म्हणाल्या, "तुझ्या हातून कागद कोन घेनार?" ते टोचायला म्हटलेलं नव्हतं. ते तसंच होतं.

अंगणात उभं राहून निकाल सांगायला त्यांनी मला मनाई केली. प्रत्येक घरात आत जायचं, दार लोटायचं, आवाज खाली. लग्नाच्या पोरीचा कागद असला तर फक्त आई आणि पोर. "ह्यात पोरीचा काय दोष नाय. आईचं अर्धं, बापाचं अर्धं, तेव्हा होतो. दोघांनी दिलेला हाय." मग गोळ्या कुठे मिळतात, पाणी भरपूर का प्यायचं, ताप आला तर घरी का थांबायचं नाही, हे त्या एकेक करून सांगायच्या आणि समोरच्याकडून म्हणून घ्यायच्या.

एका घरात सून आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली. तिच्या कागदावर आजाराचं निघालं होतं. सासरा कागद हातात घ्यायला तयार नव्हता. "कागदानं काय होतंय? तुझ्या मंजुळाला काय झालं कागदानं?"

मी दाराकडे वळले. ताई हलल्या नाहीत.

"तिच्याकडं कागद नव्हता," त्या म्हणाल्या. "डाक्टर विचारत व्हता आनि माझ्याकडं सांगायला काय नव्हतं. तुझ्याकडं हाय. घे."

म्हाताऱ्याने कागद घेतला. ती सून आज गोळ्या घेते, तिचं बाळही तपासून झालं आहे.

ताईंचा स्वतःचा कागद मात्र द्यायचा राहिला होता. तो मी दोन दिवस पिशवीत तळाला ठेवला होता. शेवटी त्यांनीच मागितला. "वाच." त्या वाहक होत्या. आजार नाही, पण अर्धा वाटा त्यांचा. मी घाईघाईने म्हणाले, "ताई, यात तुमचा काही दोष नाही. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"सांगते," त्या म्हणाल्या. "सांगायला सोपं हाय." त्या दिवशी त्या पुढच्या घरी आल्या नाहीत. त्या घरी मी एकटी गेले, आणि लोकांनी मला आत घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बरोबर काम केलं. त्यांनी मला माफ केलं का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वाशिंदला माझ्या आईला गुडघेदुखीचा पाला मात्र त्या नाव घेऊन पाठवायच्या. या चैत्रात त्यांच्या छातीत कळ आली. खालच्या रस्त्यावरून जीप वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा पाड्यांवरची माणसं अंगणात मावत नव्हती.

त्याआधी माघात आमची शेवटची भेट झाली, ती मनातून जात नाही. आमचा शोधनिबंध छापून आला होता. लेखकांच्या यादीत माझं नाव सातवं. त्याच्या प्रती काढून मी ताईंना एक द्यायला गेले. त्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतले, पानं उलटली. सगळं इंग्रजी.

"ह्यात मंजुळा कुठं हाय?"

मी तिसऱ्या पानावरचा तक्ता काढला. आजार असलेल्या बायकांच्या चौकटीत एक आकडा होता. "या आकड्यात आहे ती, ताई. सगळ्याजणी मिळून हा आकडा."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. शेजारच्या घरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

"आनि तिच्या पोटात व्हतं ते?"

तो तक्ता मीच तयार केला होता. तरी मी वरून खाली पुन्हा बघितला.

"ते यात नाही धरलेलं."

"दुसऱ्या पानावर?"

"नाही, ताई. कुठेच नाही."

 त्यांनी कागद माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. "पेन हाय ना? लिव इथं."

"काय लिहू?"

"मंजुळाचं बाळ, असं लिव."

मी तक्त्याशेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं. ताईंनी वाकून, एकेक अक्षर जुळवत ते दोनदा वाचलं. मग कागदाची घडी करून चोळीत ठेवली आणि पुढची शेंग सोलायला घेतली.